चुकीच्या कव्हरातला पहिला अल्बम

शनिवारी सकाळी तिया ओफेलियाच्या स्वयंपाकघरातलं जेवायचं टेबल दिसतच नव्हतं. त्यावर रेकॉर्डींचे ढीग होते, शेजारी शाईचा पॅड होता आणि तिघंजण तिथे पहाटेपासून शिक्के मारत बसले होते. कारखान्याकडून रेकॉर्डवरचा मधला गोल कागद कोराच घेतला होता. त्यावर नुसतं ‘ए’ आणि ‘बी’ छापलेलं, बाकी सगळं पांढरं. म्हणून फिदेने रबरी शिक्का करून आणला होता: लोस दे लोरेना. म्हणजे लोरेना स्ट्रीटवरची पोरं.

पोरं म्हणायला दोन पोरगे आणि एक पोरगी. तावो हा तिया ओफेलियाचा मुलगा. तो लिहायचा आणि माइकवर बोलायचा; स्पॅनिशमध्ये सुरू केलेलं वाक्य इंग्रजीत संपवायचा आणि तरी यमक चुकू द्यायचा नाही. त्याच्या मागून खर्जात दुसरा आवाज देणारा तो फिदे. अंगाने कपाटाएवढा, स्वभावाने पावासारखा मऊ. आणि तावोची मावसबहीण नेरेइदा; ओफेलिया तिची तिया, म्हणजे मावशी. ठेके तिचे, जुन्या रेकॉर्डींतून उचललेले तुकडे तिचे, कुठे काय वाजायचं आणि कुठे काहीच वाजायचं नाही हेही तिचंच. पण पोस्टरवर ती मागे उभी होती. कार्यक्रमानंतर लोक तावोच्या गळ्यात पडायचे, फिदेबरोबर फोटो काढायचे आणि तिला विचारायचे, “तू यांच्यापैकी कुणाची मैत्रीण?” तिच्या स्वतःच्या आईनेही परवा विचारलं होतं, “पण मिहा, माझ्या पोरी, तू त्यात नेमकं करतेस काय?”

आठ महिने खपून अल्बम झाला होता. नाव होतं ‘बुटांसकट’. आज दुपारी पाच वाजता व्हिटियर बुलेव्हार्डवर सेन्योर मोन्तेसच्या रेकॉर्डींच्या दुकानात तो लोकांच्या हातात पडणार होता. ग्रासिएला नावाची कॉलेज रेडिओवाली तिथूनच थेट प्रसारण करणार होती. सबंध ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये खांबाखांबावर पोस्टरं लागली होती.

“बस झालं,” साडेदहाला नेरेइदा उठली. “आता एक वाजवून बघू.”

“काय बघायचंय त्यात?” तावो म्हणाला. “आठ महिने तेच ऐकतोय. झोपेतपण ऐकतो.”

“तू टेपवर ऐकलंयस. तबकडीवर नाही. ऐकल्याशिवाय एकही घराबाहेर जाणार नाही.”

“डीजेबाईंचा हुकूम झाला,” फिदे म्हणाला आणि त्याने शिक्का खाली ठेवला.

नेरेइदाची दोन्ही टर्नटेबलं कालच दुकानात नेऊन ठेवली होती. घरात उरला होता तो तियाचा जुना, लाकडी पेटीतला रेकॉर्डप्लेअर. त्याच्यावर ग्वादालुपेच्या मेरीमातेची मूर्ती, कागदी फुलं आणि तावोचा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फोटो असा सगळा संसार मांडलेला. तियाने एकेक वस्तू पुसून बाजूला काढली, तोवर नेरेइदाचा जीव वर-खाली होत होता. तिने सुई ठेवली. खर्र खर्र झालं. आणि मग ऑर्गन वाजला.

ऑर्गनच्या मागोमाग वीस-पंचवीस बायकांचा आवाज उठला, एका सुरात, नदीला पाणी यावं तसा. परमेश्वरा, तुझ्या अंगणात मी एक लिली.

तिया ओफेलिया हात पुसत दारात आली आणि तिने छातीवर हात ठेवला.

“तावो! किती गोड आहे रे हे! मला बोलला नाहीस, देवाचंसुद्धा केलंस म्हणून!”

“अमा,” तावो म्हणाला, “हे आम्ही नाही.”

नेरेइदाने दुसरी लावली. लिली. मग तळातल्या खोक्यातली एक काढून लावली. तीही लिलीच. तोवर तीनशे वीस रेकॉर्डींवर लोस दे लोरेनाचा शिक्का बसला होता. फिदे मटकन खुर्चीत बसला. तावो खोलीभर येरझाऱ्या घालत कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

नेरेइदाने फोन उचलला. कारखाना शनिवारी बंद, पण बराच वेळ वाजल्यावर पहारेकऱ्याने फोन घेतला.

“ऑफिस बंद आहे. सोमवारी करा.”

“सेन्योर, सोमवारपर्यंत आम्ही जिवंत राहणार नाही. आमच्याकडे चर्चचा कोरस आलाय.”

“मग वाईट काय? ऐका की.”

“आम्ही रॅप करतो, सेन्योर. पाच वाजता लोक येणार आहेत. तुमचा माल चढवणारा पडवळासारखा माणूस कुणाचीही खोकी कुणाच्याही गाडीत टाकतो, आणि तोंड दाखवायचं आम्ही. काल आणखी कुणाचा माल गेला, एवढं फक्त वहीत बघून सांगा. तुमच्या पाया पडते.”

पलीकडे तो माणूस हसायला लागला. हसत हसतच त्याने वही उघडली. शुक्रवारी पाचशे-पाचशेचे दोनच माल गेले होते. एक लोरेना स्ट्रीटला. दुसरा एल मोन्तेला, ‘कोरो लिरिओस’च्या, म्हणजे लिली कोरसाच्या नावाने, एका चर्चच्या पत्त्यावर.

“म्हणजे आमचा अल्बम...” फिदे म्हणाला आणि त्याने शाईचा पॅड मिटला.

त्या चर्चमध्ये तासभर फोन लावला, कुणी उचलेना. पाच मिनिटांत खोकी फिदेच्या काकाच्या गाडीत चढली. गालिचे धुवायचा धंदा करणाऱ्या काकाची ती पांढरी व्हॅन, बाजूला साबणाच्या फेसात हसणाऱ्या सशाचं चित्र. तियाने वाटेत खायला बरीतो गुंडाळून दिले आणि नेरेइदाच्या आखूड चड्डीकडे बघून फिदेचा मोठा शर्ट तिच्या अंगावर फेकला. “देवाच्या दारात जाताय. हा कमरेला बांध. आणि तावो, तू गळ्याचं बटण लाव!”

एल मोन्तेला पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. वार्षिक मेळावा होता. फ्रेस्नो, कालेक्सिको, यूमा, कुठून कुठून बसगाड्या आल्या होत्या. लांब टेबलांवर चारपाचशे माणसं जेवत होती, भाताच्या आणि भाजलेल्या मांसाच्या वाफा उठत होत्या. आणि प्रत्येक टेबलावर, ताटांच्या मधोमध, लहानथोरांच्या हातांत निळ्या रंगाची कव्हरं. कव्हरावर निळे झगे घातलेल्या बायका तीन रांगांत उभ्या राहून हसत होत्या.

“मेलो,” तावो म्हणाला. “वाटूनसुद्धा झाली.”

नेरेइदाचं लक्ष तिकडे नव्हतंच. आवाराच्या दुसऱ्या टोकाला मांडव होता. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे कर्णे उभे केले होते आणि पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ निळ्या कव्हरातून रेकॉर्ड बाहेर काढत होता.

ती धावली. टेबलं, पोरं, बाबागाड्या चुकवत धावली. “एर्मानो! अहो भाऊ, थांबा! लावू नका!”

त्या गृहस्थाने तिच्याकडे बघून तोंडभर हसून मान डोलावली. “ये, ये, बाळा. जागा आहे अजून. आधी ताट घे,” असं म्हणून त्याने सुई टेकवली.

आवारात बाईचा आवाज घुमला. “ओक्तावियो! उतर त्या सोफ्यावरून! बुटांसकट चढलास? लाज कशी वाटत नाही?”

तावोला पूर्ण नावाने झापणारा तियाचा हा आवाज नेरेइदाने तिच्या नकळत टेप केला होता. अल्बम त्यानेच उघडत होता. जेवणाऱ्यांनी माना वळवल्या. मग कुठल्याशा टेबलावर एक आजी फिस्सकन हसली, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि बघता बघता सगळ्या बाया हसायला लागल्या. हे वाक्य प्रत्येकीने आपापल्या घरी म्हटलं होतं. सात-आठ दांडगे पुरुष उगीचच आपल्या पायांकडे बघू लागले.

आणि मग ढोल पडला.

नेरेइदा होती तिथेच थबकली. आठ महिने तिने हा ठेका झोपायच्या खोलीत, आई उठेल म्हणून हेडफोन लावून ऐकला होता. उघड्या आभाळाखाली तो असा ऐकू येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पायाखालची जमीन वाजत होती. टेबलावरच्या सरबताच्या बरण्यांत पाणी थरथरत होतं. तावोचा आवाज चढला, फिदेचा खर्ज त्याच्याखाली उभा राहिला, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटत होती आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटत होतं. पलीकडे दोन पोरी बसल्या जागी खांदे हलवत होत्या. त्यांच्या आईने एकीला कोपर मारलं आणि स्वतःच्या पायाने मात्र ताल धरला.

पांढऱ्या शर्टातला गृहस्थ घाबरून सुई उचलायला गेला, तर मागून कुणीतरी त्याचा हात धरला. निळा झगा, घट्ट अंबाडा, साखळीला लावलेला चष्मा. बाई पंचावन्नच्या असतील. मान एका बाजूला कलती ठेवून त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. पहिलं गाणं संपलं तशी त्यांनी स्वतःच्या हाताने सुई उचलली आणि माइक घेतला.

“बंधुभगिनींनो,” त्या म्हणाल्या, “हा लिरिओस कोरस नव्हे.”

आवार पुन्हा हसून गडगडलं.

त्या एर्माना, म्हणजे भगिनी, सेनाइदा. एकोणीस वर्षं कोरस शिकवत होत्या आणि त्यांचीही ही पहिलीच रेकॉर्ड होती. नेरेइदाने एका श्वासात सगळं सांगितलं. तोवर तावो आणि फिदे धापा टाकत मागे येऊन उभे राहिले होते, शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभे राहावेत तसे.

“बोलतं कोण यात?” बाईंनी विचारलं.

तावोने हात वर केला.

“याला मी गाणं म्हणणार नाही. पण शब्द स्वच्छ येतात. माझ्या मुली अर्धे शब्द गिळून टाकतात. शिव्या आहेत?”

तावोने गळ्याचं बटण चाचपलं. “दोन आहेत, एर्माना. दुसऱ्या बाजूला.”

“दोनच?”

“त्यातली एक तीनदा.”

“चारदा,” फिदे म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. “माझ्या मेळाव्यात. बरं. आणि दुसऱ्या कडव्यानंतर सगळं अचानक थांबतं. एक श्वासभर काहीच नाही. मग परत येतं. ते कुणाचं डोकं?”

दोघांनीही नेरेइदाकडे बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिला नीट न्याहाळलं, कमरेला बांधलेल्या शर्टासकट. “दहा वर्षं मी माझ्या बायकांना सांगतेय की तिथे थांबा. आवाजानंतरची जागासुद्धा गाण्याचीच असते. एकीला धीर नाही. तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही.”

“मग तुला कळतं,” एर्माना सेनाइदा म्हणाल्या. वर काही कौतुक केलं नाही, हसल्याही नाहीत. पण नेरेइदाचे कान तापले आणि डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटून ती खोकी मोजण्याच्या निमित्ताने वळली.

दोनशे रेकॉर्डी वाटून झाल्या होत्या. बाईंनी माइकवरून सांगितलं, निळी कव्हरं परत आणा, बदलून देतो. रांग लागली, पण रांगेत बहुतेक म्हातारी माणसं. तरुण पोरापोरींनी आपली कव्हरं पिशव्यांत, बायबलखाली, झग्यांत कुठेकुठे दडवली. एक पोरगी तर सरळ सांगून मोकळी झाली, “माझी हरवली.” कालेक्सिकोचे एक आजोबा काठी टेकत आले आणि कव्हर छातीशी धरून म्हणाले, “मी देणार नाही. मला चर्चमध्ये मिळालीय. जे चर्चमध्ये मिळालं ते माझं.”

“एर्मानो, पण त्यात शिव्या आहेत,” बाई म्हणाल्या.

“मला कमी ऐकू येतं,” आजोबा म्हणाले आणि काठी आपटत निघून गेले.

साठ परत आल्या. त्या आणि न वाटलेल्या तीनशे धरून तीनशे साठ. यूमाच्या दोन गाड्या तर जेवणाआधीच रेकॉर्डी घेऊन निघून गेल्या होत्या.

मग बाईंनी आपल्या रेकॉर्डी मागितल्या, आणि नेरेइदाने मान खाली घालून खोकं उघडलं. प्रत्येक पांढऱ्या गोलावर काळ्याभोर शाईत लोस दे लोरेना. बाईंनी बोट ओलं करून घासून पाहिलं. शाई हलली नाही. कोरसातल्या बायका भोवती जमल्या होत्या. एकीने डोळ्यांना पदरासारखी ओढणी लावली.

“किती?” बाईंनी विचारलं.

“तीनशे वीस. एर्माना, मी येते. सोमवारी येते. सगळ्यांवर कोरे कागद गोल कापून चिकटवते, वर सुंदर अक्षरात तुमचं नाव लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे. एकटी बसून करते.”

“आम्ही तिघं,” फिदे म्हणाला.

“तिघं,” तावो म्हणाला, पण जरा उशिरा.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “पाचला आहे ना तुमचं? मग इथे काय करताय? तीन वाजत आले. एकशे ऐंशी कोऱ्या आहेत, आजच्यापुरत्या मला पुरे. सोमवारी सहाला. उशीर केलास तर दार बंद असेल.”

परतीच्या वाटेवर फिदे गाडी हाकत होता आणि मागे ओल्या गालिच्यांच्या गुंडाळ्यांवर बसून तावो आणि नेरेइदा निळ्या कव्हरातून रेकॉर्ड काढत, शिक्का मारत, आपल्या कव्हरात सारत होते. शिक्का, कव्हर, खोकं. शिक्का, कव्हर, खोकं. वळण आलं की खोकी एकीकडे आणि तावो दुसरीकडे. शाई नाकाला लागली, गालाला लागली. मधेच तावो थांबला.

“आजी हसली बघितलीस? पहिली?”

“बघितली.”

“आणि तो पाय हलवणारा म्हातारा पास्टर!”

“तावो, शिक्का मार.”

“मारतोय. पण प्रिमा, बहिणी, पाचशे माणसं! आपल्याला एकदम पाचशे माणसं कधी भेटली होती?” आणि तो असा काही हसायला लागला की फिदेने पुढून विचारलं, “वेड लागलं का त्याला?” नेरेइदालाही हसू आवरेना. गाडी रहदारीत अडकली, सशाचं चित्र उन्हात तापलं, आणि तिघंही बरीतो खात, ओरडत, स्वतःचीच गाणी म्हणत बुलेव्हार्डवर शिरली तेव्हा पाचला दहा कमी होते.

दुकानाबाहेर कोपऱ्यापर्यंत रांग होती. सेन्योर मोन्तेस दारात उभे राहून रुमालाने टक्कल पुसत होते. “कुठे मेला होतात? रेडिओवाली तीनदा विचारून गेली! आणि तुझ्या तोंडाला काय लागलंय, पोरी?”

“शाई,” नेरेइदा म्हणाली आणि खोकं घेऊन आत घुसली.

ग्रासिएलाने माइक तावोकडे नेला, तर तावोने तो हाताने बाजूला केला. “आधी हिला विचारा,” तो म्हणाला. “ठेका हिचा आहे. आम्ही त्यावर बडबडतो.” ग्रासिएला गोंधळली, पण वळली. नेरेइदाने काय सांगितलं ते तिला नंतर धड आठवलं नाही; एवढंच आठवलं की दुकानाच्या काचेला नाक लावून तिची आई उभी होती. मग ती टर्नटेबलांमागे गेली. पाचला तिने सुई ठेवली. रस्त्यावरच्या लोकांनी पहिल्याच ढोलाला असा काही गलका केला की समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस साबणासकट बाहेर आला. सहा वाजता तीनशे साठांपैकी एक उरली, ती सेन्योर मोन्तेसनी स्वतःसाठी दडवून ठेवली होती.

सोमवारी तिघंही साडेपाचलाच एल मोन्तेला हजर झाले. गोल कागद कापता कापता कोरसाचा सराव ऐकला. बुधवारीही जावं लागलं, कारण तावोचं अक्षर बाईंना पसंत पडलं नाही.

आणि पुढच्या आठवड्यापासून फोन यायला लागले. कालेक्सिकोहून. फ्रेस्नोहून. यूमाच्या एका रेडिओवर रविवारी सकाळच्या भजनांच्या कार्यक्रमात कुणीतरी निळं कव्हर बघून रेकॉर्ड लावली होती म्हणे, आणि बंद करा म्हणून जेवढे फोन आले त्याहून जास्त परत लावा म्हणून आले. कव्हरामागे कोरसाचा पत्ता आणि फोन नंबर होता, त्यामुळे सगळे आधी एर्माना सेनाइदांना फोन करत, आणि त्या न चिडता तियाचा नंबर देत. त्या उन्हाळ्यात लोस दे लोरेनाला आणखी दोनदा रेकॉर्डी काढाव्या लागल्या आणि ऑगस्टमध्ये वाळवंटातल्या चार गावांहून कार्यक्रमाची बोलावणी आली.

एका संध्याकाळी नेरेइदाच्याच घरी फोन वाजला. यूमाहून एक बाई बोलत होती. नाव ओदिलिया. खरबुजं भरायच्या शेडमध्ये कामाला होती आणि चर्चमध्ये ड्रम वाजवायची.

“ठेके करणारी तूच ना? नंतर रेडिओवर तुझं नाव सांगितलं, नंबर तुझ्या तियाने दिला. दुसऱ्या गाण्यात ढोलाच्या खाली काहीतरी वाजतं. लोखंडासारखं. मी शेडमधल्या सगळ्या वस्तू आपटून बघितल्या, जमत नाही. काय आहे ते?”

नेरेइदा जमिनीवर बसली. “मालगाडीचे डबे,” ती म्हणाली. “आमच्या घरामागे यार्ड आहे. डब्याला डबा जोडतात ना, तो आवाज.”

“खोटं!”

“थांब, ऐकवते. सातच्या सुमाराला जोडतात.”

तिने फोनची लांब तार ओढत ओढत खिडकीपाशी नेली, काच वर सरकवली आणि रिसीव्हर बाहेर धरला. दोघी थांबल्या. यार्डात इंजिनाने शिटी दिली, आणि मग एकामागोमाग एक डबे धडाधड जोडले जाऊ लागले. रिसीव्हरमधून ओदिलियाचं ओरडणं नेरेइदाला हातभर अंतरावरूनही ऐकू आलं.